नसलेल्या मोटारीचा विमा

आमच्या घरी मोटारीच्या आधी मोटारीचा विमा आला. बाळंतपणाआधीच बारशाचे पेढे वाटावेत तसला प्रकार. याला जबाबदार माझे सासरे की भैरोबा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मीही त्यात अगदीच निर्दोष नव्हते.

साल सेहेचाळीस. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला. घरात आम्ही तिघं: सासरे, सासूबाई आणि मी. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. माझे मालक पलटणीत ड्रायव्हर होते आणि लढाई संपून वर्ष होत आलं तरी मलायातच अडकून पडले होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती, त्यात नवरा मी एकूण अठ्ठावीस दिवस पाहिला होता. रजा तेवढीच होती. त्यातले चार दिवस लग्नात गेले, पाच देवदेव करण्यात गेले आणि तीन दिवस त्यांना ताप होता.

एक दिवस त्यांचं पत्र आलं. माझं माहेर माधवनगरचं, वडील तिथल्या गिरणीत नोकरीला, आणि मी सांगलीच्या शाळेत इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेली. त्यामुळं घरात येणारा कुठलाही कागद माझ्याकडं यायचा. पत्र मामंजींच्या नावानं होतं. मजकूर असा की, माझी मुदत संपत आली आहे. साहेब म्हणतो, आणखी तीन वर्षांची सही कर, हवालदार करतो. पण पुण्याकडं लष्करानं जुन्या लॉऱ्या विकायला काढल्या आहेत. एक लॉरी घेतली तर गूळ आणि हळद सांगलीच्या पेठेत न्यायला आपलीच गाडी होईल, ती मी चालवीन. तसं जमलं तर येतो. नाही जमलं तर सही करतो, नुसतं घरी येऊन काय करू?

शेवटच्या ओळीला मी अडखळले. मामंजींना वाटलं, अक्षर लागत नाही. ते म्हणाले, "दम खा, उजेडाला धरून वाच." तीन वर्षं म्हणजे किती दिवस याचा हिशेब मी तोपर्यंत मनात करून टाकला होता.

सगळं ऐकून मामंजी म्हणाले, "बघू." त्यांच्या तोंडून "बरं" आलं की काम होणार आणि "बघू" आलं की होणार नाही, असं घरात समजलं जायचं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मालकांनी पाठवलेले पैसे ट्रंकेतून काढले आणि पुण्याकडं लष्करात कारकून असलेल्या एका भाच्याला निरोप धाडला. भाच्यानं लॉरी पाहिली, तिचा नंबर कळवला आणि दीड महिन्यात पैसे भरून गाडी उचला, असं लिहिलं.

हे गावात फुटायला वेळ लागला नाही. आठवड्याच्या आत सांगलीहून विमा कंपनीचा एजंट सायकल दामटत दारात हजर. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर साहेबी टोपी. तो म्हणाला, आता नवा कायदा आलाय, विम्याचा कागद असल्याशिवाय मोटारीला रस्त्यावर चाक टेकता येत नाही. पुण्याहून गाडी आणायला जाल, तर शिरवळच्या नाक्यावर पोलीस अडवतील आणि लॉरी तिथंच उभी राहील.

"किती दिस?" मामंजींनी विचारलं.

"कागद येईपर्यंत."

मामंजींच्या डोळ्यांपुढं आपली लॉरी शिरवळला बेवारशी उभी राहिली असणार, आणि लोक तिची चाकं काढून नेतानाही दिसले असणार. त्यांनी नव्वद रुपये मोजून दिले आणि अंगठा उठवला.

आता यात चूक कुठं झाली ते सांगते. आमच्या घरात कुठलंही मोठं काम भैरोबाला कौल लावल्याशिवाय होत नसे. गुरव देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवतो, आपण मनातलं विचारायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण त्या वेळी गुरवाची चुलती वारली होती आणि त्याला सुतक होतं. एजंट काही सुतक फिटेपर्यंत ओसरीवर बसून राहणार नव्हता. शिवाय भैरोबानं मामंजींना आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. विहिरीला उजवा दिला होता, माझ्या लग्नाला उजवा दिला होता, गेल्या साली म्हशीलासुद्धा उजवाच दिला होता. त्यांनी देवाला गृहीत धरलं.

सुतक फिटल्यावर कौल लावला आणि डावी कळी पडली. मामंजी म्हणाले, वाऱ्यानं पडली. गाभाऱ्याला खिडकी नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा डावी. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तर गुरवाचा हात मागं यायच्या आत डावी खाली आली. मामंजींनी देवापुढं डोकं टेकलं आणि ते बाहेर पडले. मी बायकांत मागं उभी होते. मला त्या देवाचा इतका राग आला की मी अंगारा न घेताच घरी आले. सासूबाई वाटेत म्हणाल्या, "आगं, आसं करू नये." मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय.

म्हणजे लॉरी येणार नव्हती. मग विमा कशाला? मामंजी मला म्हणाले, "लिव कंपनीला. गाडी घेत न्हाई, नव्वद रुपये म्हागारी पाठवा."

मी लिहिलं. उत्तर इंग्रजीत, टाइप केलेलं. पॉलिसी रद्द करता येईल, परंतु रद्द करण्याची फी म्हणून साडेबावीस रुपये कापून घेण्यात येतील. आम्ही दिलगीर आहोत.

"त्येंनी का म्हून दिलगीर व्हायचं? पैसं माझं चाललंत," मामंजी म्हणाले. "लिव, एक पै सोडनार न्हाई."

इथून भांडण सुरू झालं. आणि इथूनच माझ्या लक्षात एक गोष्ट आली. मालकांना अजून आम्ही काहीच कळवलं नव्हतं. मी विचारलं तर मामंजी म्हणाले, "कंपनीचं मिटू दे, मग लिवू. सध्या लिव, गाडीचं काम चालू हाय." म्हणजे भांडण मिटेपर्यंत "लॉरी नाही" हे मलायाला कळणार नव्हतं, आणि ते कळेपर्यंत मालक सही करणार नव्हते. मग मला भांडण मिटण्याची कसली घाई?

मी कामाला लागले. मामंजी सांगायचे एक आणि मी लिहायची दुसरं. त्यांनी सांगितलं, "म्हणावं, गरीब शेतकरी हाय, दया करा." मी लिहिलं, आपल्यासारख्या लबाड कंपनीकडून आम्ही हीच अपेक्षा केली होती. त्यांनी सांगितलं, "म्हणावं, पाच रुपये घ्या आन मिटवा." ते मी लिहिलंच नाही. उलट तिकडून येणारं पत्र वाचून दाखवतानाही थोडी फोडणी घालायची. म्यानेजरनं बिचाऱ्यानं लिहिलं, समक्ष भेटल्यास मार्ग काढू. मी वाचलं, हिंमत असेल तर समक्ष या.

"आसं म्हनतो?" मामंजी पागोटं बांधत उठले. "चल तूबी. वाचायला कोन पायजे."

सांगलीला जायचं म्हणजे आगगाडीनं माधवनगरला उतरायचं आणि पुढं टांगा. जाता-येता माझ्या माहेरी पाय लागायचे, आईच्या हातचं जेवण व्हायचं. या भांडणाचा तोही एक फायदा होता, तो मी लपवत नाही.

कंपनीचं हापिस पेठेत माडीवर होतं. म्यानेजर काळ्या टोपीतले, किडकिडीत, स्वभावानं सज्जन. मी पदर घेऊन भिंतीकडं तोंड करून बसले. मामंजींच्या समोर परक्या पुरुषाशी बोलायचं नाही, त्यामुळं मला जे सांगायचं ते मी भिंतीला सांगायची आणि म्यानेजर ते ऐकायचे.

"हे पाहा मामा," ते म्हणाले, "इतके दिवस तुमच्या गाडीची जोखीम कंपनीनं घेतली. त्याचे पैसे आहेत हे."

"गाडी कुटं हाय?"

"गाडी नसली तरी आमची तयारी होती."

"म्हंजी मी तुमचा बैल भाड्यानं सांगितला, न्हेला न्हाई, तो तुमच्याच गोठ्यात हुबा ऱ्हायला, आन आता त्यानं खाल्लेली वैरण माझ्या नावावर?"

म्यानेजरनी कपाळ चोळलं. म्हणाले, हेड ऑफिस मुंबईला आहे, त्यांना रद्द करण्याचं कारण कळवावं लागतं. फॉर्मवर चारच कारणं छापलेली आहेत. गाडी विकली, गाडी चोरीला गेली, गाडी नष्ट झाली, मालक मयत झाला. यातलं कुठलं लिहू?

"लिवा, देवानं डावा दिला."

"त्याला रकाना नाही."

"मग पाडा की."

मी भिंतीला म्हटलं, रकाना नसेल तर फी घ्यायचा अधिकार तरी कुठं आहे? म्यानेजर भिंतीकडं बघून म्हणाले, तसा अर्थ होत नाही. मग मामंजींनी कोर्टाची धमकी दिली. तेव्हा म्यानेजर शांतपणे म्हणाले, "आमचं हापिस सांगली संस्थानात, तुमचं गाव इंग्रजी मुलखात. खटला इकडं चालायचा की तिकडं, हेच ठरायला वर्ष जाईल." वर्ष! मला इतका आनंद झाला की मी भिंतीला सांगितलं, आम्ही खटलाच करणार.

खटला झाला नाही, पण मुंबईहून पत्र आलं. देवानं नकार दिल्याचा लेखी पुरावा सादर करावा. लिहिणाऱ्यानं चेष्टा केली होती की काय कोण जाणे, मामंजींनी ती चेष्टा मानली नाही. त्यांनी गुरवाला ओसरीवर बसवलं आणि दाखला लिहून घेतला: मी अमुक, भैरोबाचा पुजारी, लिहून देतो की देवानं सदर मोटारीस तीन वेळा डावा कौल दिला असून त्यात कोणाचा दाब नाही. खाली गुरवाचा अंगठा आणि दोन साक्षीदार. गुरव जाताना म्हणाला, "आवं, देवाच्या अंगावर तर काय येनार न्हाई न्हवं ह्यातनं?"

मी तो दाखला इंग्रजीत करून पाठवला. महिनाभर शांतता. मग पुन्हा पत्र. दाखला मिळाला, परंतु देवानं नेमक्या कोणत्या तारखेस निर्णय घेतला ते कळावं, म्हणजे त्या दिवसापर्यंतचीच जोखीम धरता येईल.

पुन्हा सांगली. पुन्हा माडी.

"देवाचं आधीपास्नंच ठरल्यालं व्हतं," मामंजी म्हणाले. "म्हंजी जोखीम येका दिसाचीबी न्हवती."

"मग त्यांनी आधी कळवलं का नाही?" म्यानेजर आता पुरते गुंतले होते.

"सुतक व्हतं."

"देवाला?"

"गुरवाला. देवाला कशाचं सुतक?"

म्यानेजरनी हे सगळं कागदावर उतरवून घेतलं. माझ्या मनात आलं, हा माणूस आमच्यापायी नोकरीला मुकणार. त्यांची दया येत होती, पण माझ्यापुढं मलाया होतं.

मधल्या काळात लॉरीची दीड महिन्याची मुदत टळून गेली, ती दुसऱ्या कुणी उचलली. आणि मालकांचं पत्र आलं. साहेब आता थांबायला तयार नाही. महिनाअखेर काय ते सांगायचं आहे. लॉरीचं इतके दिवस काम चालू आहे म्हणता, मग मी काय समजू? मी ते वाचलं तेव्हा मामंजी गोठ्याकडं तोंड करून उभे होते. ऐकून ते म्हशीला वैरण टाकायला निघून गेले. मला चीड आली. वाटलं, या माणसाला साडेबावीस रुपयांपुढं पोटचं पोर दिसत नाही. त्या रात्री मी त्यांना भाकरी वाढताना ताट जरा जोरातच ठेवलं.

चार दिवसांनी सांगलीहून तार आली, या. आम्ही गेलो. म्यानेजर दारापर्यंत सामोरे आले. तोंडभर हसू. त्यांनी चहा सांगितला आणि म्हणाले, "मामा, जिंकलात. मुंबईनं विशेष बाब म्हणून फी माफ केली. हे घ्या नव्वद. एक पै कापलेली नाही. पॉलिसी द्या आणि इथं अंगठा करा."

संपलं होतं सगळं. घरी जाऊन पत्र लिहायचं, लॉरी नाही, करा सही.

मामंजींनी बंडीच्या आतल्या खिशातून पॉलिसी काढली. शिपायानं त्यांच्या अंगठ्याला शाई लावली. अंगठा कागदाच्या वर वीतभर आला आणि तिथंच थांबला.

"आन आमचं गाडीभाडं?" ते म्हणाले.

म्यानेजर हसले. त्यांनी स्वतःच्या खिशातून दोन रुपये काढून पुढं ठेवले. अंगठा खाली आला नाही.

"गुरवाचा दाखला तुमच्याकडं हाय. त्यो म्हागारी पायजे."

दाखला फायलीतून काढून दिला.

"म्हाइना म्हाइना हेलपाटं घातलं आमी. चुकलं म्हणून लिवून द्या."

म्यानेजरनी खरोखरच कागद ओढला आणि झाल्या त्रासाबद्दल क्षमस्व असं लिहून खाली सही केली. मी वळून बघितलं. मामंजी त्या तीन वस्तूंकडं, रुपयांकडं, दाखल्याकडं आणि माफीच्या कागदाकडं बघत होते आणि त्यांच्या तोंडावर मी कधी न पाहिलेली भीती होती. आणखी काय मागावं हे त्यांना सुचत नव्हतं. अंगठ्यावरची शाई वाळत आली होती.

"मामा, करा की आता," म्यानेजर म्हणाले. "तुम्हाला पाहिजे ते सगळं मिळालं."

"न्हाई करायचा मला."

"अहो, पण का?"

"ह्ये कागूद हातातनं गेलं," मामंजी म्हणाले, "की पोराला लिवावं लागतंय, गाडी न्हाई म्हणून. मग त्यो येत न्हाई." त्यांनी अंगठा धोतराला पुसला. "त्येची आय रोज इचारतीया. मी सांगतोय, कंपनीशी बोलनं चाललंया."

म्हणजे पाच रुपयांत मिटवा म्हणणारे मामंजीही मधेच कधीतरी फिरले होते. त्या घरात दोन माणसं एकच भांडण लांबवत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला नुसता पैसा कळतो. ताट आपटल्याची मला अशी लाज वाटली की मी पदर तोंडात धरून रडायला लागले. म्यानेजरांनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला, आणि भिंतीला न सांगता थेट मला म्हणाले, "घ्या बाई."

विम्याचं पुढं असं झालं की आम्ही तो ठेवला. म्यानेजर म्हणाले, वर्षभरात दुसरी कुठली गाडी घेतलीत तर तिच्यावर चढवून देतो. आम्ही काही घेतली नाही. नव्वदच्या नव्वद रुपये बुडाले आणि मामंजींनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. मालक दिवाळीच्या आत आले, आणि पुढं एस. टी. निघाली तशी तिथं लागून जन्मभर सरकारचीच गाडी चालवत राहिले.

पण तो दिवस. परतीच्या वाटेवर आम्ही माधवनगरच्या फलाटावर बसलो होतो. गाडीला अवकाश होता, माहेर हाकेवर होतं, पण मी जाते म्हटलं नाही. मामंजी रुळांकडं बघत बसले होते.

"गाडीच्या निमित्तानं यायचा त्यो," ते म्हणाले. "आता काय सांगून बोलवू?"

"नुसतं ये म्हणा की, मामंजी."

"नुसतं कसं म्हणायचं? बाप हाय मी त्येचा."

मी पिशवीतून कागद काढला. शेजारी एक हमाल पेंगत होता, त्याच्या हातगाडीवर कागद ठेवला आणि वाट बघत बसले. मामंजींनी घसा खाकरला, पागोटं सारखं केलं. इकडं-तिकडं बघितलं, कुणी ऐकत नाही ना.

"लिव. गाडी न्हाई जमली." मग एकदम, जसं काही कुणी हिसकावून घेईल म्हणून, "पन तू ये. घरी तुझी गरज हाय. मला हाय."

मी लिहिलं. ते कागदावर वाकून बघत होते, वाचता येत नसतानाही.

"विंग्रजीत लिवलंस न्हवं?"

"मराठीत. त्यांना इंग्रजी कुठं येतं?"

"आगं, मराठीला कोन इचारतंय? मुंबईवाल्यानं विंग्रजी हुतं म्हनून ऐकलं." त्यांनी काळा अंगठा कागदाच्या खाली टेकवला. शाई जवळजवळ गेली होती, म्हणून त्यांनी तो जोरानं दाबून धरला, आणि गाडी फलाटाला लागली तरी उचलला नाही.